परवलीचा शब्द आणि वारसांसमोरचे बंद दार

१/ घरातील एखादे वडीलधारे माणूस जाते. दिवसकार्य आटोपते, पाहुणे परततात, आणि टेबलावर एक लॅपटॉप उरतो. त्यात बँकेचे तपशील असतात, तीस वर्षांची छायाचित्रे असतात, कदाचित अर्धवट लिहिलेले आत्मचरित्रही असते. पडदा मात्र एकच प्रश्न विचारतो : पासवर्ड? जन्मतारीख, कुलदैवत, नातवंडाचे लाडाचे नाव, जुन्या स्कूटरचा क्रमांक, सारे टाकून होते आणि दार उघडत नाही. आजचा थ्रेड या बंद दाराच्या इतिहासाविषयी आहे. हे दार कोणी बांधले, कसे भक्कम होत गेले, आणि ते उघडण्याचा अधिकार नेमका कोणाचा?

२/ प्रारंभ नॉर्वेपासून करू. तेथील ईवार ओसेन (१८१३–१८९६) हा शेतकऱ्याचा मुलगा. डेन्मार्कच्या दीर्घ सत्तेमुळे नॉर्वेची लिखित भाषा डॅनिश झाली होती. ओसेन गावोगाव हिंडला, बोलींचे नमुने टिपत गेला आणि त्यांतून त्याने नवी प्रमाणभाषा उभी केली. १८४८ मध्ये त्याचे लोकभाषेचे व्याकरण आले, १८५० मध्ये कोश. १८८५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने या भाषेला बरोबरीचा दर्जा दिला. तिलाच आज ‘नीनोर्स्क’ म्हणतात. त्याच्या जन्मगावी, पश्चिम नॉर्वेतील ऊर्स्ता परिसरात, २००० साली ओसेनच्या नावाचे भाषा-संस्कृती केंद्र उभे राहिले.

३/ रायदार यूपेडाल हे ओसेनचे मोठे अभ्यासक. ओसेनची पत्रे आणि रोजनिशी त्यांनी संपादित केली. १९८९ मध्ये ते निवर्तले. त्यांचा ग्रंथसंग्रह या केंद्राकडे आला. सुमारे ११ हजार नोंदींची त्याची सूची संगणकावर तयार होती; परंतु ती पासवर्डने बंद होती, आणि ज्यांना तो ठाऊक होता ते हयात नव्हते. पुस्तके समोर होती, मात्र कोणते पुस्तक काय आणि कोठे हे सांगणारी सूची मुकी झाली होती. ज्ञानभांडार हाती आणि त्याची अनुक्रमणिका कुलपात, अशी ही विलक्षण स्थिती.

४/ जून २००२ मध्ये केंद्राने एक अभिनव मार्ग पत्करला. जगभरातील हॅकर मंडळींना त्यांनी जाहीर आवाहन केले : आमचे कुलूप फोडा! उत्तर यायला काही तासच लागले. स्वीडनमधील एका प्रोग्रामरने पासवर्ड कळवला. तो काय होता? यूपेडाल या आडनावाची रोमन अक्षरे उलट क्रमाने : एल, ए, डी, ई, पी, यू, जे, डी. संग्राहकाचे नाव आरशात पाहावे, इतकेच. वर्षानुवर्षे अडलेले दार एका नावाच्या उलट्या वाचनाने उघडले.

५/ ही गोष्ट गमतीची म्हणून नेहमी सांगितली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तिच्यात एक इशारा वाचावा. तो पासवर्ड दुबळा होता म्हणून वारसा वाचला. सल्लागार म्हणतात तसा तो ‘भक्कम’ असता, तर ती सूची कदाचित कायमची गेली असती. सुरक्षितता आणि वारसा यांच्यात एक ताण आहे, आणि तो संगणकाच्या जन्मापासून वाढतच आला आहे. तो कसा वाढला, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

६/ पासवर्डला मराठीत जुना आणि नेमका प्रतिशब्द आहे : परवलीचा शब्द. पहाऱ्यावरच्या शिपायाने ‘कोण आहे?’ म्हणून हटकावे आणि येणाऱ्याने ठरलेला शब्द सांगावा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील इतिहासकार पॉलिबियस याने रोमन छावणीतील ही पद्धत वर्णिली आहे. सूर्यास्ताच्या सुमारास लाकडी पाटीवर रात्रीचा शब्द लिहिला जाई. ती पाटी तुकडीमागून तुकडीकडे फिरे आणि अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत येई. एखादी पाटी परतली नाही, तर ती कोठे अडली याची तत्काळ चौकशी होई.

७/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. परवलीचा शब्द हे अनेकांनी मिळून राखलेले गुपित होते. एक पहारेकरी मेला तरी शब्द मरत नसे. शिवाय तो एका रात्रीपुरताच असे. ‘तू आमच्यापैकी आहेस का?’ एवढाच त्याचा प्रश्न. ‘तू नेमका कोण?’ हा प्रश्न तो विचारीत नसे. हा दुसरा प्रश्न विसाव्या शतकात, एका विद्यापीठाच्या संगणककक्षात उभा राहिला.

८/ वर्ष १९६१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी. संगणक तेव्हा खोलीएवढा आणि अतिशय महाग होता. फर्नांडो कोर्बाटो (१९२६–२०१९) यांच्या चमूने त्या वर्षी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली दाखवली. एकाच यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी ही व्यवस्था होती. यंत्र सामायिक झाले तशी प्रत्येकाची फाईल इतरांपासून वेगळी राखण्याची गरज निर्माण झाली. उपाय साधा योजला : प्रत्येकाला त्याचा स्वतःचा शब्द. संगणकीय पासवर्डचा आरंभ सामान्यतः येथेच मानला जातो.

९/ आणि पासवर्डच्या चोरीचा आरंभही येथेच! ॲलन शेर हा संशोधक विद्यार्थी. त्याला आठवड्याला चारच तास संगणक मिळे आणि ते त्याला पुरत नसत. १९६२ च्या वसंतात त्याने यंत्राला एक छापील प्रत मागितली. फाईल कोणती, तर सर्वांच्या पासवर्डची. यंत्राने ती इमानेइतबारे छापून दिली. पुढे तो इतरांच्या खात्यांतून काम करू लागला. सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने स्वतःच हे कबूल केले. कारण वैराचे नव्हते. प्रबंध पुरा करण्याची निकड होती.

१०/ १९६६ मध्ये त्याच प्रणालीत आणखी मोठा घोटाळा झाला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायलींवर काम करीत होते. एक होती रोजच्या सूचनेची फाईल, दुसरी पासवर्डची. संपादनाच्या प्रोग्राममधील दोषाने दोहोंची अदलाबदल झाली. परिणामी जो कोणी संगणकावर प्रवेश करी, त्याच्यासमोर ‘आजची सूचना’ म्हणून सर्वांचे पासवर्ड उमटू लागले. कोर्बाटो यांना १९९० चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा आपल्या व्याख्यानात त्यांनी ही फजिती मोकळेपणाने सांगितली.

११/ या दोन्ही प्रसंगांचे मूळ एकच होते : यंत्राला सगळे पासवर्ड जसेच्या तसे ठाऊक होते. त्याचा एक लाभही होता. कोणी आपला शब्द विसरला, तर व्यवस्थापक फाईल उघडून तो सांगू शके. कोणी वारला, तर त्याचे काम सहकाऱ्याच्या हवाली करता येई. किल्ल्यांचा जुडगा वाड्याच्या कारभाऱ्यापाशी असावा, तशी ही व्यवस्था. चोराला जे सोयीचे, तेच वारसालाही सोयीचे होते. दार बंद करायचे तर दोघांवरही बंद करावे लागणार होते.

१२/ ते काम प्रथम इंग्लंडमध्ये झाले. केंब्रिज विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉजर नीडहॅम आणि माइक गाय यांनी एक कल्पना राबवली : पासवर्ड साठवूच नका, त्याचे गणिताने दळलेले रूप साठवा. जात्यात गहू घालून पीठ काढता येते, पण पिठापासून गहू परत करता येत नाही. माणूस पासवर्ड टंकतो, यंत्र तो पुन्हा दळते आणि नवे पीठ साठवलेल्या पिठाशी ताडून पाहते. जुळले की दार उघडते. साठवलेली फाईल चोरीला गेली तरी चोराच्या हाती केवळ पीठ लागते.

१३/ या क्षणी इतिहासाला मोठे वळण मिळाले. आता पासवर्ड खुद्द संगणकालाही ठाऊक नव्हता. ‘माझा पासवर्ड काय होता?’ या प्रश्नाला उत्तर देणारे जगात कोणी उरले नाही. व्यवस्थापक फार तर जुने पीठ फेकून त्या जागी नवे ठेवू शके. आपण आज ‘पासवर्ड रीसेट’ म्हणतो ते हेच. शब्द परत मिळत नाही, तो बदलला जातो. गुपित आता खरोखर एकाच माणसाच्या डोक्यात राहू लागले.

१४/ माणसाचे डोके मात्र जुनेच होते. १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड गोळा करून तपासले. त्यांतील २,८३१, म्हणजे तब्बल ८६ टक्के, सहज सापडण्याजोगे निघाले. १५ जणांचा पासवर्ड एकाच अक्षराचा होता! अनेकांनी शब्दकोशातले शब्द आणि माणसांची नावे वापरली होती. दळण्याची कला कितीही प्रगत झाली, तरी गहू घरचाच होता.

१५/ यावर त्यांनी योजलेल्या उपायाचे नाव ‘सॉल्ट’, म्हणजे चक्क मीठ. दळण्यापूर्वी प्रत्येक पासवर्डात यदृच्छेने निवडलेली काही चिन्हे मिसळायची. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ निराळे निघते, आणि फोडणाऱ्याला प्रत्येकासाठी स्वतंत्र कष्ट करावे लागतात. आजही जगातील बहुतेक व्यवस्था हीच चिमूटभर मिठाची युक्ती वापरतात.

१६/ या कथेला ४० वर्षांनी एक सुंदर उपसंहार जोडला गेला. १९८० च्या सुमाराच्या युनिक्स प्रणालीच्या जतन झालेल्या प्रतीत तिच्या निर्मात्यांच्या पासवर्डांचे ‘पीठ’ होते. हौशी अभ्यासकांनी ते एकेक करून सोडवले. डेनिस रिची यांचा पासवर्ड त्यांच्या मधल्या नावावरून आलेला वाटतो : ‘डीमॅक’. स्टीफन बोर्न यांनी सरळ आपले आडनाव ठेवले होते. खुद्द केन थॉम्प्सन यांचा मात्र २०१९ पर्यंत सुटला नव्हता. सुटला तेव्हा कळले की ती बुद्धिबळातील पहिली खेळी होती : वजिरासमोरील प्यादे दोन घरे पुढे. ‘बेल’ नावाचे बुद्धिबळयंत्र घडवणाऱ्या माणसाला शोभेल असाच शब्द!

१७/ म्हणजे पासवर्ड हाही एक ऐतिहासिक पुरावा ठरतो. माणूस एकांतात, कोणी पाहत नाही अशा खात्रीने, दिवसातून अनेकदा जे टंकतो, त्यात त्याचे प्रेम, त्याचा छंद, त्याचा अभिमान उतरलेला असतो. कुटुंबीयांनी केलेले अंदाज कधीकधी खरे ठरतात, त्याचे कारणही हेच. फोडणारा अनोळखी माणूस गणित करतो. घरातले माणूस आठवणी चाळते.

१८/ आता घरगुती संगणकाकडे येऊ. मृत आप्ताचा संगणक उघडेल की नाही, हे बव्हंशी तो कोणत्या कालखंडातला आहे यावर ठरते. पहिला कालखंड दिखाऊ दाराचा. १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये आणि पुढे विंडोज ९८ मध्ये पासवर्डची चौकट येई, पण ‘एस्केप’ची कळ दाबली की बहुधा आत जाता येई. ती चौकट मुख्यतः नेटवर्कसाठी होती. घरच्या फायलींवर तिचा पहारा नव्हताच. त्या काळातील यंत्र माळ्यावर असेल, तर त्याचे कुलूप ही फारशी अडचण नाही. जुनी हार्ड डिस्क अजून फिरते का, हीच खरी चिंता.

१९/ दुसरा कालखंड भक्कम दाराचा, पण कच्च्या भिंतींचा. १९९३ ला आलेल्या विंडोज एनटीने आणि २००१ पासून घरोघरी पोहोचलेल्या विंडोज एक्सपीने पासवर्डचे दळलेले रूप साठवले. दार पक्के झाले, परंतु डिस्कवरील मजकूर उघडाच होता. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली वाचता येत. १९९७ मध्ये पेटर नोर्दाल-हागेन या नॉर्वेच्याच प्रोग्रामरने एक फ्लॉपी बनवली. तिच्यावरून संगणक सुरू केला की जुना पासवर्ड पुसून टाकता येई. असंख्य तंत्रज्ञांच्या खिशात पुढे ही युक्ती वावरली.

२०/ तिसरा कालखंड कूटलेखनाचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा. येथे दारामागचा मजकूरच बदलून टाकलेला असतो. विंडोज २००० मध्ये निवडक फायली कूटबद्ध करण्याची सोय आली, आणि पुढे विंडोज एक्सपीपासून तिच्यात एक सापळाही : बाहेरून पासवर्ड पुसला की त्या फायली वाचण्याचा मार्गच तुटे. २००३ मध्ये ॲपलने ‘फाईलव्हॉल्ट’ आणले, विंडोज व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने ‘बिटलॉकर’. आता डिस्क काढून दुसरीकडे जोडण्यात अर्थ उरला नाही. पत्र पेटीत बंद करून ठेवणे वेगळे आणि पत्रच अगम्य लिपीत लिहिणे वेगळे.

२१/ बिटलॉकरला ४८ अंकी पर्यायी किल्ली असते. अनेक नव्या लॅपटॉपांत हे कूटलेखन मालकाने मुद्दाम न सांगताही सुरू होते आणि त्या किल्लीची प्रत मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. म्हणजे किल्ली असते, पण ती दुसऱ्या कुलपात. आणि त्या कुलपाची किल्ली बहुधा मृताच्या मोबाइलवर येणाऱ्या संदेशात. म्हणूनच जाणकार सांगतात की कुटुंबात मृत्यू झाल्यावर त्या व्यक्तीचा फोन क्रमांक घाईने बंद करू नये. अनेक दारांचा तो अखेरचा दुवा असतो.

२२/ दार अजिबात उघडले नाही, तर काय होते? डिसेंबर २०१८ मध्ये जेराल्ड कॉटन या तिशीतील कॅनेडियन गृहस्थाचा आपल्याकडे, जयपूरमध्ये, मृत्यू झाला. ‘क्वाड्रिगा’ या आभासी चलनाच्या बाजारपेठेचा तो प्रमुख होता. पत्नीने जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाला प्रतिज्ञापत्राद्वारे कळवले की त्याचा लॅपटॉप कूटबद्ध आहे आणि पासवर्ड तिला ठाऊक नाही. हजारो ग्राहकांचे पैसे एका मृताच्या स्मरणात अडकले, असा जगभर समज झाला.

२३/ तपास करणाऱ्यांनी मग वेगळी वाट धरली. आभासी चलनाच्या व्यवहारांची वही सार्वजनिक असते. ती वाचल्यावर दिसले की ज्या तिजोऱ्यांत पैसे असायला हवे होते, त्या जवळपास साऱ्या २०१८ च्या एप्रिलपासूनच रिकाम्या होत्या. २०२० मध्ये ओंटॅरिओच्या रोखे नियामकाने निष्कर्ष काढला : ही फसवणूक होती, ७६ हजारांहून अधिक ग्राहकांनी मिळून सुमारे १६.९ कोटी कॅनेडियन डॉलर गमावले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धडा ओळखीचा वाटेल. मुख्य दफ्तर बंद असेल, तर शेजारच्या दफ्तरातील नोंदी वाचाव्यात. सत्य पुष्कळदा बंद पेटीच्या बाहेरच सापडते.

२४/ मात्र प्रत्येक दार उघडावेच का? २०१२ मध्ये बर्लिनच्या भुयारी रेल्वेखाली एक १५ वर्षांची मुलगी दगावली. तो अपघात होता की तिने स्वतः जीवन संपवले, हे आईवडिलांना कळेना. त्यांच्यापाशी तिच्या फेसबुक खात्याचा पासवर्ड होता. परंतु खाते ‘स्मृतिखाते’ झाल्याने पासवर्ड असूनही प्रवेश बंद झाला होता. कंपनीचे म्हणणे असे की त्या मुलीशी ज्यांनी विश्वासाने संवाद केला, त्यांचेही खासगीपण आहे. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नव्हता.

२५/ खालच्या न्यायालयांत एकदा आईवडील जिंकले, एकदा कंपनी. अखेर १२ जुलै २०१८ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला : पत्रे आणि रोजनिशी वारसांकडे जातात, तर डिजिटल मजकुराला वेगळा न्याय कशासाठी? कंपनीने मग १४ हजारांहून अधिक पानांची एक फाईल पेन ड्राइव्हवर दिली. २०२० मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की कागदांचा ढीग देणे म्हणजे वारसा देणे नव्हे, खात्यातच प्रवेश द्या. प्रश्न सुटायला जवळपास आठ वर्षे लागली.

२६/ आपल्याकडे काय? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मृत्यूनंतर किंवा अक्षम झाल्यास आपल्या विदेविषयीचे हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करण्याचा अधिकार मान्य केला आहे. गूगलने २०१३ पासून, फेसबुकने २०१५ पासून आणि ॲपलने २०२१ पासून ‘माझ्यानंतर कोण’ हे आधीच नेमण्याची सोय दिली आहे. बँकेच्या खात्याला आपण नॉमिनी लावतो. छायाचित्रांना आणि पत्रांना लावायचे मात्र सुचत नाही.

२७/ येथे महाराष्ट्राच्या इतिहासप्रेमींना एक तुलना सुचेल. आपल्या कित्येक जुन्या घरांत मोडीतील कागदांचे रुमाल आहेत आणि घरात ते वाचणारे कोणी नाही. नातवासाठी ते कागद पासवर्ड हरवलेल्या लॅपटॉपसारखेच! तरीही ते वाचले जातात. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून असे कागद जमवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३० च्या दशकात रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादून छापले. मोडीची किल्ली अनेकांच्या हाती होती, म्हणून ती पुन्हा शिकता आली आणि शिकवताही आली.

२८/ फरक येथेच आहे. लिपी हे समाजाचे गुपित असते, तर पासवर्ड एकट्या माणसाचे. मोडी विसरायला पिढ्या लागल्या. पासवर्ड हरवायला एक हृदयविकाराचा झटका पुरतो. रोमन छावणीतील पाटी सर्वांच्या हातांतून फिरे, एमआयटीतील यादी कारभाऱ्यापाशी असे, केंब्रिजपासून ती कोणापाशीच उरली नाही. प्रत्येक पायरीवर माणसाचे खासगीपण वाढले, आणि प्रत्येक पायरीवर वारसांची वाट अरुंद होत गेली. यात खलनायक कोणीही नाही.

२९/ म्हणून ज्यांच्या घरी असा लॅपटॉप आहे, त्यांनी इतिहासकाराची शिस्त पाळावी. प्रथम काहीही पुसू नका. ‘फॉरमॅट करून देतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. डायरीची शेवटची पाने, पंचांगाचा मागचा भाग, पाकिटातील चिठ्ठ्या आधी पाहा. संगणक कोणत्या कालखंडातला आहे ते ओळखा. जाणकाराकडून डिस्कची प्रत करून घ्या आणि प्रयोग प्रतीवर करा. आणि हात लावण्यापूर्वी सर्व वारसांची संमती घ्या. पुरावा एकदा बिघडला की तो पुन्हा घडवता येत नाही.

३०/ आणि ज्यांचे आजी-आजोबा, आई-वडील सुदैवाने आज समोर आहेत, त्यांनी या रविवारी त्यांच्याजवळ बसावे. पासवर्ड मागू नका. तो त्यांचा आहे. इतकेच विचारा : ‘आजोबा, यातले आमच्यासाठी काय आहे, आणि काय कोणीच उघडू नये असे तुम्हाला वाटते?’ त्यांचे उत्तर कागदावर लिहून, बंद पाकिटात घालून, त्यांनाच ठेवू द्या. यूपेडालांच्या संग्रहाला नशिबाने वाचवले. आपल्या घरच्या दफ्तराची व्यवस्था तरी नशिबावर सोडू नये.

थ्रेड समाप्त. आपल्या घरात असे एखादे बंद दार उघडले असेल, किंवा कायमचे बंद राहिले असेल, तर ती हकीगत खाली अवश्य लिहा. तीही एक बखरच आहे.